शहाण्याने कोर्टाची पायरी चढलीच पाहिजे



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही स्वतः ती सभांतून वापरली आहे आणि तिच्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. पंढरपूरच्या या बैठकीत आम्ही ती जाहीरपणे परत घेत आहोत.

म्हण सरसकट खोटी नाही. वीतभर बांधासाठी भावाला कोर्टात खेचणाऱ्याला, पाण्याच्या पाळीच्या वादात बापाचे दोन एकर वकिलाच्या घरी पोचवणाऱ्याला ती लागू आहे. पण ज्याच्यावर दावा लागला त्याचे काय? तो पायरी चढायला निघालेलाच नव्हता. कोर्टच पायरी उतरून त्याच्या दारात आले आहे. तो गेला नाही म्हणून दावा थांबत नाही. त्याच्यावाचून चालतो आणि त्याच्याविरुद्ध निकाली निघतो. वादी कोर्टात बसला आहे, वादीचा वकील उभा आहे आणि प्रतिवादी शहाणा होऊन घरी बसला आहे. या शहाणपणाचा फायदा कुणाला होतो एवढे पाहिले, की म्हण कुणाच्या ओसरीवरून निघून आपल्या वस्तीवर आली ते कळते.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला एक शेतकरी. नाव सांगत नाही. त्याच्यासारखे या मंडपात कितीतरी बसले असतील. नऊ एकर कोरडवाहू, बहुतेक मालदांडी, एखाद्या वर्षी वरच्या तुकड्यात कपाशी. मेव्हण्याने एका पतसंस्थेचे कर्ज काढले, याने जामीनदार म्हणून सही केली. मेव्हणा थकला. नोटीस आली. याने ती कुणाकडून वाचून घेतली नाही. घरातल्या विठोबाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. दुसरी आली, ती पहिलीच्या मागे गेली. 'कर्ज मी कुठे काढलंय? आधी त्याच्याकडे जातील,' असा त्याचा हिशेब. वसुली अधिकारी जमिनीच्या जप्तीचा कागद घेऊन वस्तीवर आला, तेव्हा हा तसबिरीमागचे सगळे कागद पिशवीत घालून आमच्याकडे आला.

आम्ही शेतकी पदवीधर, वकील नव्हे. तरी कागद तारखेप्रमाणे लावून पाहिले. वसुली दाखला निघून सव्वा वर्ष झाले होते. पिशवीच्या तळाशी मेव्हण्याने भरलेल्या दोन हप्त्यांच्या पावत्या होत्या आणि दाखल्यातल्या हिशेबात त्या रकमा जमा धरलेल्या नव्हत्या. त्या पावत्या सुनावणीच्या दिवशी टेबलावर ठेवायला फक्त एस.टी.चे भाडे लागले असते.

आता काय लागते ते ऐका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्याच्या कलम १०१ खाली निबंधक संस्थेच्या अर्जावर चौकशी करून वसुलीचा दाखला देतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. यात न्यायाधीश नाही, साक्षीपुराव्याचा लांबलचक खटला नाही. जे काही बोलायचे ते त्या चौकशीत. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण अर्ज ऐकून घेण्याआधी दाखल्यातल्या येणे रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणजे आधी तोंड उघडायला पैसा पडत नव्हता. नंतर तोंड उघडायला निम्मे कर्ज आगाऊ मोजा. ज्याच्यापाशी निम्मे पैसे असते त्याच्या घरावर जप्तीच कशाला आली असती?

आणि तो 'आधी त्याच्याकडे जातील' हा हिशेब. करार कायद्याचे कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळे लिहिलेले नसेल तर धनको सरळ जामीनदाराला धरू शकतो. आपल्याकडे नात्यात जामीन राहणे हा शब्दाचा प्रश्न असतो. कायद्यात ते कर्जच असते.

आपल्या मराठीत प्रतिवादीला एक जुना शब्द आहे: जाबदार. जाब द्यायचा तो जाबदार. त्याने जे लेखी उत्तर द्यायचे त्याला कैफियत म्हणतात. शब्द पाहा किती सरळ आहेत. वादीने काहीतरी म्हटले आहे, तुझे काय म्हणणे आहे ते सांग, इतकाच त्यांचा अर्थ. जाबदार म्हणजे चोर नव्हे, बुडवा नव्हे. फौजदारीतला आरोपीसुद्धा गुन्हा शाबीत होईपर्यंत गुन्हेगार नसतो. पण गावात समन्स आले की पाटलाच्या पारावर कुजबुज सुरू होते, बायको डोळ्याला पदर लावते, सोयरे दोन दिवस तोंड चुकवतात. शरमेने माणूस कागद लपवतो. वादी आपल्या लाजेवर पीक काढतो. कागद लपवला की पुढचे काम त्याला सोपे.

हे आजचे नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच जमिनीवर हेच घडले आणि त्यातून काय निघाले ते प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असले पाहिजे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. सावकार मागे लागून कर्जे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास सरकारने जमिनीच्या फेरआकारणीत सारा वाढवला. कापसाचा भाव परदेशात ठरतो आणि त्याची किंमत इथल्या बांधावर मोजली जाते हे आमचे भाषणातले वाक्य आहे, पण तेव्हाच्या शेतकऱ्याने ते अंगावर सोसले.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर. रोख्याची मुदत तीन वर्षांची झाली. हेतू चांगला होता, कर्ज वर्षानुवर्षे फुगू नये असा. सावकाराने त्याचे काय केले? दर तीन वर्षांनी जुन्या रोख्याचे व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू केले. आज सोसायटीत मार्चअखेर ज्याला 'नवं-जुनं' म्हणतात त्याचा हा पणजोबा. मग सावकार कोर्टात जाई. समन्स निघे. ते शेतकऱ्याला मिळे किंवा न मिळे. मिळाले तरी तालुक्याचे कोर्ट दहा-वीस कोसांवर, रानात सुगी, हातात पैसा नाही, आणि सही केलेला रोखा कोर्टात पडलेला. शेतकरी जात नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. त्या हुकूमनाम्यावर घर, बैल, जमीन लिलावात निघे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांना माणसे मारायची नव्हती, त्यांना कागद हवे होते. ज्या कोर्टात आपण कधी उभे राहिलो नाही तिथे आपल्याविरुद्ध बोलणारा तो कागद होता. सरकारने ९५१ जणांना पकडले, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. दिवाणी कोर्टात जाबदार म्हणून ज्याला कुणी ऐकले नाही, तोच शेतकरी फौजदारी कोर्टात आरोपी म्हणून बेड्या घालून हजर केला गेला. तिथे मात्र समन्स बजावल्याशिवाय राहिले नाही!

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाला जे दिसले त्यात एकतर्फी हुकूमनाम्यांचा हा सुळसुळाट होता. आणि मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लावला ते पुणे, सातारा, नगर आणि आपले सोलापूर. या पंढरपूरच्या कोर्टात तो चालला आहे.

त्यातली एक गोष्ट आमच्या आजच्या मुद्द्याची. त्या कायद्याच्या सातव्या कलमाने न्यायाधीशावरच बंधन घातले की दाव्यात प्रतिवादीची स्वतःची साक्ष घ्यावी. घेण्याची गरज उघडच नाही असे वाटले तर तसे कारण लेखी नोंदवावे. आणि बाराव्या कलमाने सांगितले की रोख्यावरची सही पाहून थांबू नका, व्यवहाराच्या मुळापर्यंत जा, पहिला पैसा कधी दिला तिथपासून हिशेब काढा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणेही त्या कायद्याने बंद केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले, खालच्या कोर्टांचे काम तपासले.

परकी सरकारला शेतकऱ्याचा पुळका आला होता असे आम्ही म्हणणार नाही. सारा वसूल व्हायला शेतकरी जमिनीवर उभा राहायला हवा होता, आणि पुन्हा वह्या जळायला नको होत्या. कायद्यातून पळवाटाही निघाल्या: सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. शिवाय भावाच्या प्रश्नाला कायद्याने हात लावला नाही. पण एवढे कबूल केले पाहिजे की न ऐकता दिलेला निकाल हा निकालच नव्हे, हे त्याने मानले. जाबदार आला नाही तर दोष जाबदाराचा, असे म्हणून हात झटकले नाहीत. त्याला ऐकण्याची जबाबदारी कोर्टावर टाकली.

तो कायदा आज अस्तित्वात नाही. आज दिवाणी प्रक्रिया संहिता सगळ्यांना सारखीच, गिरणीमालकाला आणि जिरायतदारालाही. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्या. कारण पटले तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देते. तारखेला नाही आलात तर एकतर्फी. दार बंद असेल तर समन्स दाराला चिकटवता येते, आणि घेतले नाही तर सुटलो हा तर निव्वळ भ्रम. नाकारलेले समन्स बजावलेलेच धरतात. १९७६ च्या दुरुस्तीपासून ते घरातल्या सज्ञान बाईच्या हाती दिले तरी चालते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या कुलूपबंद खोपटाला चिकटवलेला कागद पाडव्याला परत येईपर्यंत पावसाने आणि शेळ्यांनी ठेवला तर ठेवला. कायद्याच्या लेखी त्या जोडप्याला सगळे कळलेले असते.

शेतकऱ्याला घात कळते. हस्ताचा पाऊस पडला, वाफसा आला, की रब्बीची ज्वारी पेरायचे ते चार दिवस. ते हुकले की नंतर कितीही खत घाला, कणीस हाताला लागत नाही. कैफियतीचे ३० दिवस ही तशीच घात आहे. आमची तक्रार इतकीच की पेरणीसाठी रात्री उठून रान बघणारा माणूस या घातीच्या वेळी तसबिरीमागे कागद खोचतो.

एकतर्फी हुकूमनामा झाला तरी सगळे संपत नाही. तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवस. पण न येण्याचे कारण पटवावे लागते, आणि 'लाज वाटली' हे कारण आजवर कुणी मान्य केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता कुणी विचारील, जाऊन बोलायचे काय? पैसे तर घेतलेच आहेत.

इथे आमच्याच चळवळीची एक चूक कबूल करतो. आम्ही तुम्हाला शिकवले की कर्ज फिटत नाही कारण भाव मिळत नाही. ते शंभर टक्के खरे आहे आणि आम्ही ते म्हणत राहू. पण ती कोर्टातली कैफियत नव्हे. 'ज्वारीला भाव नव्हता' हे ऐकून न्यायाधीश मान हलवील आणि वादीचा दावा मंजूर करील. कोर्टात चालते ते वेगळे: माझ्या पावत्या जमा धरल्या नाहीत. ही सही माझी नाही. कोऱ्या कागदावर सही घेतली. दावा मुदतीबाहेर आहे. व्याज कायद्यापेक्षा जास्त लावले. शेतीसाठी दिलेल्या कर्जावर सहकारी संस्थेला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हे सहकार कायद्याच्या ४४-अ कलमात लिहिले आहे. आपल्या आज्यांना ठाऊक असलेला दामदुपटीचाच तो नियम. सावकाराकडे कर्ज देताना परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे कोर्टाला त्याच्या बाजूने हुकूमनामा देता येत नाही. पण परवाना नाही, हे कोर्टाला सांगणार कोण? सावकार? कायद्यातल्या या ढाली आपोआप उचलल्या जात नाहीत. ज्याच्यावर वार होतो त्याने हात वर करावा लागतो.

मुदतीविषयी एक सावधगिरी. उसनवारीच्या पैशांना साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण 'बाकी मान्य' म्हणून त्या मुदतीत सही केली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. १८५९ नंतरचा तोच खेळ. आणि सहकारी संस्थेच्या सभासदाला मुदतीचा हिशेब वेगळा लागतो. तिथे तीन वर्षे झाली म्हणून निर्धास्त राहू नका.

हरलात, हुकूमनामा झाला, तरीही बोलण्यासारखे उरते. हप्ते बांधून मागता येतात. दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमाने शेतकऱ्याची अवजारे, कोर्टाच्या मते उपजीविकेला लागणारी जनावरे आणि बियाणे जप्तीतून वगळले आहेत. कर्ज देता येत नाही एवढ्यावरून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सांगितले आहे. ऐपत असून मुद्दाम बुडवणारा निराळा.

जाबदार कसा असावा हे शिकायचे असेल तर बियाण्याच्या कंपनीकडून शिका. बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी ग्राहक आयोगात जातो, तेव्हा कंपनी सामनेवाला असते. ती कधी तसबिरीमागे कागद खोचते का? तिचा माणूस पहिल्या तारखेला येतो. पेरणी खोल केली, ओल नव्हती, खताची मात्रा चुकली, बियाणे प्रयोगशाळेत का तपासले नाही. आम्ही ज्या विषयाची पदवी घेतली तो सगळा विषय ती शेतकऱ्याविरुद्ध वापरते. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात राष्ट्रीय बीज महामंडळाने तर शेतकरी हा ग्राहकच नव्हे असे म्हणत सर्वोच्च न्यायालय गाठले. २०१२ मध्ये ते हरले, शेतकरी ग्राहकच ठरला. पण प्रत्येक पायरीवर त्यांनी जाब दिला. सरकारी महामंडळाला हे कळते, आपल्याला कळत नाही?

या पंढरपुरातच दुसरा दाखला आहे. १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले, त्यांनी कायद्याला आव्हान दिले. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून जानेवारी २०१४ मध्ये आला. चाळीस वर्षे! या काळात राज्यात किती सरकारे आली-गेली, पण जाब द्यायचा तो सरकारने देत ठेवला. कोण बरोबर होते हा इथला मुद्दा नाही. दोन्ही बाजू उभ्या होत्या. कायद्याच्या नजरेत देवमूर्तीसुद्धा व्यक्ती आहे, तिच्यावर दावा लागू शकतो. देव बोलत नाही म्हणून कायदा त्याच्या वतीने बोलणारा माणूस पाहतो. शेतकऱ्याला तोंड आहे, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

चेकच्या खटल्यांचा वेगळा इशारा दिला पाहिजे, कारण तिथे प्रतिवादी होता होता माणूस आरोपी होतो. कर्ज देताना कोरे चेक सही करून घ्यायचे आणि नंतर आकडा भरून बँकेत टाकायचे, हा रिवाज आता गावोगाव आहे. चेक परत गेला की कलम १३८ ची नोटीस येते. मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरा किंवा उत्तर द्या. नंतरचा खटला फौजदारी, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. एरवी फौजदारीत आरोपीने गप्प राहिले तरी चालते. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही आणि गुन्हा शाबीत करणे हे सरकारचे काम. चेकच्या खटल्यात उलट. चेक देण्याघेण्यापोटीच दिला असे कायदा आधी गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे असते. इथे गप्प बसलेला बुडाला. आणि तारखेला न जाणाऱ्यामागे आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट लागते. मग एक दिवस शिपाई बाजारात खांद्यावर हात ठेवतो.

आता आंदोलनातले आरोपी. इथे आम्ही स्वतः पिंजऱ्यात उभे आहोत. रस्ता अडवताना, तहसीलवर बसताना नावे घेतली जातात, गुन्हे दाखल होतात. पुढाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात येतात, त्यांना वकील मिळतो. मागच्या रांगेत बसलेल्या पोराला पाच वर्षांनी वॉरंट येते. मंत्री सभेत सांगतात, 'गुन्हे मागे घेतले.' आम्हीही टाळ्या वाजवतो. पण घोषणेने खटला मागे जात नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच रीत आहे. ती संमती झाली की नाही हे तपासायचे काम संघटनेचे होते. ते आम्ही केले नाही. जेल भरायला सांगितले, तारखा लिहून ठेवायला सांगितले नाही. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर हजर राहा. साधारणपणे हजर राहणाऱ्याला अटक करत नाहीत, न राहणाऱ्याला करतात.

आपला जिल्हा आरोपींना विसरणारा नाही. १९३० च्या सोलापूरच्या लष्करी कायद्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. सरकारदप्तरी ते आरोपी होते. सोलापूरच्या चौकात आज त्यांचे पुतळे आहेत. आरोपी या शब्दाची लाज निदान या जिल्ह्याने तरी बाळगू नये.

सगळ्यात अवघड जाबदार शेवटी राहिली. ज्या घरातल्या कर्त्या माणसाने कर्जापायी औषध घेतले, त्या घरातल्या बाईला बाराव्या-तेराव्यानंतर वारस म्हणून समन्स येते. तिला कुणी सांगत नाही की नवऱ्याचे कर्ज तिच्या अंगावर पडत नाही. त्याच्या मालमत्तेतून वारसाहक्काने जे हाती आले, तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. तिचे स्त्रीधन, तिची मजुरी, माहेरहून मिळालेली जमीन यांना त्या हुकूमनाम्याचा हात लागत नाही. तिने स्वतः जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट निराळी, म्हणून कागद पाहावे लागतात. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या बाराव्या कलमाप्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो, कोठडीतल्या माणसालाही. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते. तिच्या दारात आमच्या कार्यकर्त्यांपैकी किती जण गेले आहेत? सत्काराच्या शाली घेऊन विधवांच्या घरी जाणारे पुष्कळ आहेत. तिचा कागद हातात घेऊन कोर्टापर्यंत तिच्याबरोबर चालणारे आम्हाला हवे आहेत.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही ठराव मांडत आहोत. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने जे मान्य केले ते स्वतःच्या सरकारने नाकारू नये. शेतकऱ्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा किंवा कलम १०१ चा वसुली दाखला देण्याआधी त्याचे स्वतःचे म्हणणे नोंदवलेच पाहिजे; तो आला नाही तर त्याच्या गावी, त्याच्या चावडीत जाऊन नोंदवले पाहिजे; आणि कर्जाचा हिशेब शेवटच्या नव्या-जुन्याच्या कागदापासून नव्हे, पहिल्या पैशापासून काढला पाहिजे. दाखल्याविरुद्ध बोलायला निम्मी रक्कम भरण्याची अट शेतीकर्जापुरती काढून टाकली पाहिजे. थकबाकी बुडेल अशी ओरड होईल. ऐकून घेतल्याने जे कर्ज बुडते ते मुळात खरे किती होते, असे आम्ही विचारू.

कायदा बदलायला वर्षे लागतील. तोवर प्रत्येक तालुका शाखेने एक तारखांची वही ठेवायची. कोणाचा दावा, कोणते कोर्ट, नंबर, पुढची तारीख, बरोबर कोण जाणार. कोर्टात मराठीत बोला, मराठीत लिहून द्या. १९९८ पासून जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या कोर्टांची भाषा मराठी आहे. न कळणाऱ्या कागदावर सही करू नका, कागदाची नक्कल मागा.

मंडपाच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीशेजारी टेबल लावले आहे. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा आणि मोहोळचे आपले चार वकील दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसतील. आज फी नाही. समन्स, नोटीस, पावत्या, कोऱ्या चेकच्या शिल्लक राहिलेल्या पट्ट्या, जे असेल ते पिशवीत घालून आणा. घरी राहिले असेल तर रात्री फोन करून तसबिरीमागे पाहायला सांगा, उद्या सकाळीही टेबल आहे.